पानिपताहून खुशालीचे पत्र

आपल्या सणांमध्ये टपालाशी ज्याचे खरे सख्य जमले असा सण म्हणजे संक्रांत. दसऱ्याचे सोने ज्याचे त्याच्या हाती द्यावे लागते, दिवाळीचा फराळ ताटात मांडून समोर ठेवावा लागतो; परंतु हलव्याचे पाचसहा दाणे पातळ कागदाच्या पुडीत बांधले, ती पुडी एका घडीच्या कार्डात ठेवली आणि कार्ड पाकिटात घातले, की तिळगूळ शेकडो कोस प्रवास करू शकतो. महाराष्ट्रातील मागच्या दोनतीन पिढ्यांना ही कार्डे चांगली आठवत असतील. संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस कागदपेन्सिलींच्या दुकानांत ती दोरीवर टांगलेली दिसत. त्यांवर कधी पतंग, कधी सुगडे, कधी काळी चंद्रकळा नेसलेली स्त्री असे, आणि खाली ठरलेले चारच शब्द असत. नोकरीसाठी परगावी गेलेला मुलगा, सासरी गेलेली बहीण, बदली होऊन गेलेले शेजारी, ह्या सर्वांना ती जात. वर्षभर ज्यांना पत्र लिहिणे जमले नाही त्यांनाही त्या निमित्ताने चार ओळी जात, आणि मनात काही अढी असेल तर ती न बोलता सुटे.

शुभेच्छापत्र ही कल्पना फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पोचवण्याची सोय झाली आणि तीनच वर्षांनी, १८४३ मध्ये, हेन्री कोल नावाच्या गृहस्थाने नाताळसाठी पहिले छापील कार्ड काढले. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहिण्याचे श्रम वाचावेत हा त्याचा साधा हेतू. आपल्याकडे १८५४ मध्ये देशभर टपालाची तिकिटे सुरू झाली आणि १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. स्वस्त टपाल आले म्हणून शुभेच्छा घरोघर पोचू लागल्या. आता भ्रमणध्वनीवरून एका बोटाच्या स्पर्शाने तीच तयार शुभेच्छा दोनशे जणांना जाते. ती पाठवणाऱ्याला खर्च नाही, आणि म्हणूनच की काय, घेणाऱ्याला ती जपून ठेवावीशी वाटत नाही. कोलसाहेबाने वाचवलेले श्रम आपण इतके वाचवले, की शेवटी पत्रात पाठवणारा माणूसच उरला नाही.

दिल्लीत राहणाऱ्या आम्हां काही मराठी कुटुंबांतील बायकामुले गेली काही वर्षे संक्रांतीची कार्डे हातांनी करतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मुलांना थंडीची सुट्टी लागली की, कोणाच्या तरी घरी सतरंजी पसरली जाते. जुन्या दिल्लीतील चावडी बाजारातून कागद येतो. त्या बाजाराच्या नावात आपली गावची चावडी ऐकू येते, आणि लग्नपत्रिका व कागदाचा घाऊक व्यापार तेथे गल्लोगल्ली चालतो. ह्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही. असे उद्योग अनेक घरी चालत असतील. आमची कार्डे वेगळी आहेत ती एकाच गोष्टीने. ती दिल्लीच्या टपालपेटीत पडत नाहीत. ती १४ जानेवारीला आमच्याबरोबर काला अंब येथे जातात आणि पानिपतच्या टपालातून पुढे निघतात.

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत आणि त्या शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर काला अंब आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीस, बुधवारी, मराठे आणि अहमदशहा अब्दाली ह्यांच्यात जी लढाई झाली तिचे हे स्मृतिस्थळ. येथे एक आंब्याचे झाड होते, रणातील रक्ताने त्याची पाने व फळे काळवंडली, म्हणून काला अंब, अशी आख्यायिका आहे. झाड केव्हाच गेले. आज तेथे विटांचा एक स्तंभ, त्याच्या माथ्यावर लोखंडी सळई, भोवती कठडा आणि निगा राखलेली बाग आहे. दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून अनेक मंडळी येतात, आणि पानिपत, कर्नाल, कैथल, कुरुक्षेत्र ह्या भागांतील रोड समाजाचे लोकही येतात. ह्या समाजातील अनेकजण पानिपतनंतर येथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज म्हणून स्वतःस रोड मराठा म्हणवतात.

आम्ही पहिल्यांदा कार्डांची टोपली घेऊन तेथे गेलो तेव्हा पुण्याकडून आलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांला थांबवले. मुलाच्या हातातील कार्ड त्यांनी पाहिले, त्यावरील शब्द वाचले आणि शांतपणे म्हणाले, “बाई, ह्या जागी तिळगूळ? आपल्यावर संक्रांत कोसळली ती इथेच. इथे फूल वाहावे आणि मुकाट्याने परतावे.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मनाला लागले. लाख बांगडी फुटली असे ज्या दिवसाचे वर्णन घरोघर पिढ्यान्‌पिढ्या ऐकले, त्या दिवसाच्या ठिकाणी रंगीत कागद घेऊन जाणे शोभते का, हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. त्या वेळी मी त्यांना एवढेच म्हटले, “काका, तुमचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे.” आणि खरोखरच तो विचार पुढचे वर्षभर पुरला.

विचार करू लागले तेव्हा पहिली गाठ पडली ती पंचांगाशी. लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असे आपण सहज म्हणतो. पण ते तसे नाही. सूर्याचा मकर राशीतील प्रवेश इंग्रजी दिनदर्शिकेत एका तारखेला खिळलेला नसतो. सुमारे सत्तर वर्षांत तो एका दिवसाने पुढे सरकतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ मधील मकर संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. त्याच हिशोबाने मागे गेले तर १७६१ मधील संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. म्हणजे लढाईच्या दिवशी सण होऊन चारएक दिवस झाले होते. उपासमारीने गांजलेल्या त्या छावणीत कोणी कोणाला तिळाचा दाणा दिला असेल का, ह्याचे उत्तर कोणत्याही कागदात नाही. सण आणि शोक एका तारखेला आले ते पुढे, कालगणनेच्या संथ सरकण्याने. जणू शोकाच्या तारखेशी येऊन बसण्यास सणाला दीड शतकाहून अधिक चालावे लागले. आता ती दोन्ही एका पाटावर आहेत, आणि एकाला उठवून दुसऱ्याला बसवणे आपल्या हाती नाही.

दुसरी गाठ पडली ती पत्रांशी. पानिपतच्या कहाणीत तलवारीइतकेच कागदाला महत्त्व आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. १७६० च्या हिवाळ्यात छावणीची कोंडी होत गेली, तशी रसदेप्रमाणे पत्रेही खुंटली. त्या छावणीत केवळ लढवय्ये नव्हते. यात्रेसाठी निघालेले लोक, बायका, मुले, कारकून, बाजारबुणगे असा मोठा जमाव होता, आणि त्यांतील प्रत्येकाचे कोणीतरी दक्षिणेत वाट पाहत होते. नानासाहेब पेशवे स्वतः उत्तरेकडे निघाले, तरी त्यांनाही नक्की वर्तमान कळत नव्हते. जानेवारीच्या अखेरीस भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशेजवळ, त्यांच्या हाती एक पत्र आले. ते सावकारी पत्र होते, आणि त्यात गमावलेल्या माणसांचा हिशोब मोती, मोहरा आणि खुर्दा ह्यांच्या सांकेतिक भाषेत होता. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेल्याची बातमी अशी नाण्यांच्या रूपाने आली. त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेबही गेले.

परंतु मोती आणि मोहरांची निदान मोजदाद झाली. खुर्द्याची झाली नाही. ज्या शिपायाचे नाव कोणत्याही बखरीत नाही, त्याच्या घरी ना आनंदाचे पत्र आले, ना दुःखाचे. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून वाचून दक्षिणेत परतल्या; पतीचा मृत्यू त्यांनी मनाने स्वीकारला नाही. पुढे भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली, तरी त्यांची वाट पाहणे संपले नाही. १७८३ साली त्या वारल्या. पेशव्यांच्या घरची ही अवस्था, तर सातारा, वाई, जुन्नर, बेळगाव ह्यांकडील खेड्यांत किती उंबरठ्यांवर किती वर्षे संध्याकाळी दिवा लावून वाट पाहिली गेली असेल! मराठी पत्राचा जुना मायना आपल्याला ठाऊक आहे: इकडचे कुशल कळवायचे आणि तिकडचे कुशल लिहीत जावे अशी विनंती करायची. पानिपताहून हेच पत्र यायचे राहिले. दुःखाची शोभा राखण्यासाठी मौन पाळावे हे खरे. पण ह्या दुःखात मौन मुळातच फार झाले होते.

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही कार्डे केली ती अधिक समजून. ती करताना तिसरी गाठ पडली, आणि ती मात्र आनंदाची होती. मुले बटाट्याचे ठसे उमटवीत बसली होती. त्यांना मी सांगितले, की तुम्ही करता आहात ती आपली जुनी रीत आहे. मराठी राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि पत्र जेथे संपे तेथे लहान मोर्तब असे. शिक्का सांगे की हे पत्र कोणाचे. मोर्तब सांगे की लेखनाची सीमा येथे झाली, ह्यापुढे कोणी एक अक्षर घुसडू नये. एखादी गोष्ट पक्की झाली की आपण आजही शिक्कामोर्तब झाले असे म्हणतो, ते त्याच कागदांवरून. मुलांना हे इतके आवडले, की त्यांनी लगेच प्रत्येकी दोन ठसे केले. मोठा माथ्यासाठी, आणि बोटाच्या पेराएवढा शेवटासाठी. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कार्डावर वर आंब्याच्या पानाचा शिक्का असतो आणि खाली तिळाच्या फुलाचे मोर्तब असते.

कागदाचेही तसेच. त्या काळची पत्रे जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावर, बोरूने, काजळाच्या शाईने लिहिली जात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्या धंद्यावरून पडले. चिंध्या, जुने दोरखंड, तागाची फाटकी पोती कुटून त्यांचा लगदा होई, चौकटीवर तो उचलून त्याचे ताव होत, त्यांना खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटले जाई. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद अडीचशे वर्षांनंतरही वाचता येतात, ह्याचे कारण हेच. चिंध्यांतील सुताचा तंतू लांब आणि चिवट असतो, आणि लाकडाच्या लगद्यातील जो अंश कागदाला पिवळा व ठिसूळ करतो तो त्यात नसतो. गिरणीच्या कागदापुढे हा धंदा मावळू लागला तेव्हा १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत त्याला हात दिला, आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. आज जयपूरजवळच्या सांगानेर येथील कागजी घराणी प्रामुख्याने होजिअरीच्या सुती कात्रणांपासून असा कागद करतात. चावडी बाजारातून आम्ही आणतो तो तोच. त्याच्या कडा दंतुर असतात. त्या कापू नयेत; हाताची खूण तेवढीच उरलेली असते.

आणि गंमत अशी, की पानिपत हे स्वतःच आज चिंध्यांचे शहर आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या अनेक कुटुंबांनी येथे हातमागाचा धंदा वाढवला. पुढे येथील गिरण्यांत देशोदेशींचे टाकून दिलेले लोकरी कपडे येऊ लागले. रंगांप्रमाणे त्यांची निवड करतात, गुंड्या व साखळ्या उपटून काढतात, कापड फाडून पुन्हा तंतू करतात आणि त्यांचे सूत कातून कांबळी विणतात. जगाने टाकलेले वस्त्र येथे पुन्हा कोणाच्या तरी उबेला येते. ज्या मातीची ओळख आपण केवळ विनाशाने करून घेतली, तिचा आजचा धंदा फाटलेले पुन्हा जोडण्याचा आहे, हे पानिपतला आल्याखेरीज कळत नाही.

ज्यांना घरी असा उद्योग करावयाचा आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. विकतचा हातकागद मिळाला नाही तरी अडत नाही. मुलांच्या जुन्या वह्यांची कोरी वा लिहिलेली पाने फाडून रात्रभर पाण्यात भिजत घालावीत, सकाळी मिक्सरमध्ये भरपूर पाण्याबरोबर वाटून पातळ लगदा करावा आणि तो पसरट टबात ओतावा. लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली की साचा तयार. चौकट आडवी बुडवून सरळ वर उचलावी, पाणी निथळू द्यावे आणि ओला ताव जुन्या सुती कापडावर उलटा करावा. त्यावर दुसरे कापड ठेवून लाटणे फिरवावे आणि सावलीत वाळवावे. मूठभर झेंडूच्या पाकळ्या किंवा चमचाभर तीळ लगद्यात घातले तर कागदाला आपोआप नक्षी येते. शाई फुटू नये म्हणून वाळलेल्या तावाला पातळ खळ लावावी आणि ती सुकल्यावर पालथ्या वाटीने घोटावे.

ठशांसाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल मिळते; कारल्याची चकती दंतुर चाक होते. बटाट्याचा ठसा कोरल्यावर तो कापडाने टिपून घ्यावा, नाहीतर त्याच्या पाण्याने रंग पसरतो. अधिक टिकाऊ ठसा हवा असेल तर मोठे खोडरबर घ्यावे. अक्षरे कोरताना ती उलटी कोरावी लागतात. पातळ कागदावर पेन्सिलीने अक्षर लिहून तो कागद खोडरबरावर पालथा दाबला, की उलटे अक्षर आयते उमटते. ‘गोड’ ह्या शब्दातला काना आणि मात्रा कोणत्या बाजूला येणार ह्यावर मुलांची जी चर्चा रंगते ती ऐकण्यासारखी असते. रंग स्पंजाच्या तुकड्यावर थोडाच घ्यावा. रंग जितका कमी, तितका ठसा स्वच्छ. दाबताना ठसा हलवू नये. जाड कागदाची घडी घालण्यापूर्वी पट्टी धरून विणायच्या सुईच्या टोकाने रेघ ओढावी, म्हणजे घडी सरळ बसते. हलव्याची पुडी मेणकागदाची असावी आणि ती तिकिटाच्या कोपऱ्यापासून दूर ठेवावी. टपालाचा ठसा तेथे जोराने पडतो आणि हलव्याचे काटे चुरडतात. आमचे एक कार्ड काळ्या कागदाचे असते. त्यावर फक्त पांढऱ्या रंगाचे ठिपके असतात, हलव्याचे दागिने चंद्रकळेवर शोभावेत तसे. वर्षभर शुभकार्यात टाळलेला काळा रंग आपण संक्रांतीलाच आवडीने अंगावर घेतो, तो थंडीत ऊब देतो म्हणून. काला अंबच्या कार्डाला ह्याहून योग्य रंग आम्हांला सुचला नाही.

कार्डे कापताना ज्या पट्ट्या उरतात त्यांच्या चिठ्ठ्या होतात. हळदीकुंकवाला जे वाण लुटायचे त्याला बांधण्यासाठी त्या उपयोगी पडतात. टोकाला भोक पाडावे, दोरा ओवावा, एका बाजूस ठसा आणि दुसऱ्या बाजूस घेणारीचे नाव. आपले नाव हाताने लिहिलेले पाहून बायकांना जो आनंद होतो तो आतल्या वस्तूच्या किमतीवर अवलंबून नसतो. एका वर्षी काला अंबच्या बागेत आमच्याजवळ एका रोड मराठा कुटुंबातील वयस्क बाई येऊन बसल्या. चिठ्ठीवरचे शब्द त्यांनी मोठ्याने वाचले. लिपी एकच असल्यामुळे वाचता आले. मग विचारले, “बेटी, ये गोड क्या?” मी सांगितले, “मीठा, ताई. मीठा बोलो.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे तर आमच्याकडेही आहे. हरियाणात सकरांतीला सून सासरच्या वडीलधाऱ्या माणसाला मनवते. ते रुसल्याचा बहाणा करतात, बायका गाणी म्हणतात, आणि शाल किंवा कांबळे अंगावर घातले की त्यांचा रुसवा जातो. मराठीत तिळगूळ देऊन म्हणायचे ते येथे शालीने म्हणतात, एवढाच फरक. त्यांनी आमच्याकडून चार चिठ्ठ्या मागून घेतल्या, सुनांनी आणलेल्या शालींना बांधायला. कोणाचे पूर्वज कोठून आले हे इतिहासकार ठरवोत. रुसलेल्याला मनवणे दोन्ही घरी आहे, एवढे त्या दिवशी आम्ही जाणले.

शुभेच्छेचा आणि संकटाचा संबंध असा जवळचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफ ह्या संस्थेने चेकोस्लोव्हाकियातील मुलांना औषधे व अन्न पुरवले. तेथील जित्का साम्कोव्हा ह्या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून फेर धरून नाचणाऱ्या मुलांचे चित्र काढले. गावात कागद नव्हता, म्हणून तिने ते काचेवर रंगवले. १९४९ मध्ये त्याच चित्राचे युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र झाले. युद्धाने होरपळलेल्या गावातील मुलीने नाचणारी मुले काढली, तेव्हा तिला दुःखाचा विसर पडला होता असे कोण म्हणेल? जे राहिले ते कुशल आहेत, एवढेच तिला कळवायचे होते.

आता आमची रीत ठरून गेली आहे. स्तंभापाशी आम्ही आधी फुले वाहतो आणि थोडा वेळ गप्प उभे राहतो, मुलेही राहतात. मग पानिपत शहरात येऊन कार्डे टपालात टाकतो. कधी सुट्टी आडवी आली तर ती एक दिवस आगेमागे निघतात. महाराष्ट्रात ती संक्रांत उलटून गेल्यावर पोचतात. पण तिळगूळ द्यायला रथसप्तमीपर्यंत मुभा असल्यामुळे ती उशिराची ठरत नाहीत. प्रत्येक कार्डात मुले आपल्या अक्षरात तेच वाक्य लिहितात: आम्ही पानिपतला सुखरूप आहोत, तुम्ही कुशल आहात ना? त्यावर तिकीट चिकटते आणि तिकिटावर तिसरा ठसा पडतो, तो टपालखात्याचा, पानिपतचे नाव आणि जानेवारीची तारीख असलेला. त्या गोल ठशासाठीच आम्ही एवढा प्रवास करतो.

सातारा जिल्ह्यातील एका घरी आमच्यातील कोणीतरी असे कार्ड पाठवले होते. तेथील आजींचे उत्तर पोस्टकार्डावर आले. अक्षर थरथरते होते. त्यांनी लिहिले होते, की आमच्या घराण्यातून दोघे पानिपतावर गेले होते असे सासूबाई सांगत, त्यांचे पुढे काही कळले नाही. पाकिटावर त्या गावाचा शिक्का पाहून मी ते आधी देवापुढे ठेवले, मग उघडले. पत्र पावले. आम्ही सर्व कुशल.

ते पोस्टकार्ड आम्ही जपून ठेवले आहे. पुढच्या वर्षी त्या पुण्याच्या काकांची भेट पुन्हा काला अंबला झाली तेव्हा मी ते त्यांना वाचायला दिले. त्यांनी ते दोनदा वाचले, परत केले आणि टोपलीतून एक काळे कार्ड उचलून खिशातील पेन काढले. कोणाला लिहिले ते आम्ही विचारले नाही.

संक्रांतीला अजून अवकाश असेल तर वाचकांनीही एक कार्ड करून पाहावे. कागद जुन्या वहीचा चालेल, ठसा भेंडीचा चालेल, अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. ज्याची खुशाली फार दिवसांत विचारली नाही असे एक नाव प्रत्येक घरात असते. कार्ड त्याच नावाने लिहावे, खाली आपल्या हाताचे मोर्तब उमटवावे, आणि ते स्वतः टपालपेटीत टाकून यावे.